आरव्ही परत केली, पण आम्ही अजून उतरलो नाही

मेथीआंबा

परवा सकाळी अकराच्या ठोक्याला भाड्याची आरव्ही (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) परत करून आलो. २२ दिवस, साधारण ३,४०० मैल, २८ फूट लांबीची गाडी आणि पाच माणसं: मी, नवरा, मोठी (वय १३), धाकटा (वय ७) आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. प्रवासवर्णन लिहिणार नाही, यलोस्टोनची वर्णनं इथे पायलीला पन्नास आहेत. मला बोलायचंय ते परत आल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल. पण थोडा संदर्भ लागेल, तेवढं पाल्हाळ सहन करा.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून निघालो. आय-८० महामार्गानं नेवाडा ओलांडून सॉल्ट लेक सिटी, तिथून वर यलोस्टोन, ग्रँड टीटन, मग कोडी, डेव्हिल्स टॉवर, माउंट रशमोर, बॅडलँड्स, आणि परत येताना खालून वायोमिंग आडवं कापत पुन्हा आय-८०. कॅलिफोर्नियात गाडीच्या साध्या लायसन्सवर ४० फुटांपर्यंतचं मोटरहोम चालवता येतं हे कळल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे ज्याला मारुती चालवता येते त्याच्या हातात एसटी देतात."

पहिल्याच दिवशी, डॉनर पासच्या चढावर, ओट्यावरच्या कप्प्याची कडी नीट न लागल्यामुळे (मीच लावली नव्हती, कबूल) तूरडाळीचा डबा खाली आला. चार पौंड डाळ. जमिनीवर, पायऱ्यांत, चपलांमध्ये, हीटरच्या जाळीत, टेबल मोडून पलंग होतो त्याच्या खाचांत. पुढचे २२ दिवस कोणी कुशीवर वळलं की एक दाणा टोचायचा. हे लक्षात ठेवा, कारण त्या डाळीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आत राहायची पद्धत एकदा अंगवळणी पडली की पडली. पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. पाच माणसांत अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, नळ सुरू, संपलं. रात्री आठनंतर यलोस्टोनच्या कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटर बंद, म्हणून मिक्सर त्याआधी. वरण शिजवायला कुकर नसता तर उपाशी राहिलो असतो. तिथे साडेसात-आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं. आईंचं निदान: "इथलं पाणी उकळतं, पण तापत नाही." फोडणी आत केली की धुराचा भोंगा वाजायचा, म्हणून फोडणी बाहेर. आणि बाहेर केलेलं सगळं, कढईसकट, लगेच आत, कारण अस्वलं.

धाकटा ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर झोपायचा. मोठी टेबलाच्या पलंगावर, आई सोफ्यावर, आम्ही दोघं मागे. रात्री कोण उठलं, कोण पाणी प्यायलं, कोणाला झोप लागत नाहीये, सगळ्यांचं सगळ्यांना माहीत. पहिल्या आठवड्यात याचा मला भयंकर वैताग आला होता. सासूबाईंबरोबर २२ दिवस २८ फुटांत, यावर माझ्या मैत्रिणींनी पैजा लावल्या होत्या. एक भांडण झालं, कोडीच्या अलीकडे, ओल्या टॉवेलवरून. भांडून जायचं कुठे? दोघी खिडकीतून एकाच बाजूला बघत बसलो. अर्ध्या तासानं गवे दिसले आणि विषय संपला.

आता परतीचं. आषाढी एकादशी वायोमिंगमध्ये आली. आय-८० वरचा वारा ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. उंच गाड्यांसाठी इशाऱ्याचे फलक लागले होते आणि आमची गाडी बाजूच्या ट्रकबरोबर फुगडी घातल्यासारखी हलत होती. शेवटी एका ट्रकस्टॉपवर चार तास थांबलो. आईंनी साबुदाणा भिजवलेला होताच. डिझेलच्या वासात, डोलणाऱ्या गाडीत, खिचडी. आई म्हणाल्या, पंढरपूरला याहून जास्त हलतं.

मग मिठाचं मैदान, बॉनव्हिल. वेस्ट वेंडोव्हर गाव नेवाडात असूनही घड्याळ युटाचं लावतं, त्यामुळे ते मागे टाकलं की एक तास परत मिळतो. जाताना तो तास गेल्याचं कोणाला कळलंही नव्हतं. येताना धाकट्यानं विचारलं, "हा एक्स्ट्रा तास आपण इथेच थांबून वापरूया का?" बाबानं गाडी थांबवली नाही. थांबवायला हवी होती असं मला आता वाटतं.

ट्रकीला कॅलिफोर्नियाचं शेतीमालाचं तपासणी नाकं आहे. कारला हात दाखवून सोडतात, आरव्ही दिसली की विचारतात. फळं? झाडं? मी "नाही" म्हणणार तेवढ्यात आईंनी फ्रीज उघडून वर्तमानपत्राची पुडी त्या बाईंसमोर धरली. कढीपत्ता. आमच्याच परसातल्या झाडाचा, निघताना तोडलेला, २२ दिवसांनीही निम्मा हिरवा. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला, आणि संत्र्याच्या बागा मारणारा रोग ज्या किड्यामुळे पसरतो तो याच्यावरही राहतो. म्हणून कॅलिफोर्नियात त्याच्यावर फार कडक नजर असते. बाई अगदी नम्र होत्या. आईंचा युक्तिवाद मला भाषांतरित करावा लागला: "आमच्याच दारचा आहे, आमच्याच दारी परत नेतोय." बाईंनी मान हलवली, पुडी घेतली, आणि पुढे जा म्हणाल्या. डॉनर पास उतरून सपाटीला लागेपर्यंत आई गप्प होत्या.

रात्री साडेनऊला घरासमोर पोचलो. आणि इथे गंमत झाली. किल्ली माझ्या हातात. दिवा लावून आत एक चक्कर मारली. बंद घराचा तो वास, टपालाचा ढीग, घड्याळाची टिकटिक. बाहेर आले तर चौघंही गाडीतच. टेबल मोडून पलंग झालेला, मोठी आडवी. धाकटा माळ्यावर. नवरा म्हणाला, "उद्या अकराला द्यायचीय, एक रात्र आहे अजून." आम्ही पाचही जण स्वतःच्या घरासमोर रस्त्याकडेला आरव्हीत झोपलो. आई अंधारात म्हणाल्या, "दारात बिऱ्हाड थाटलं." मग कुणीतरी हसलं, मग सगळेच.

सकाळी सगळा कारभार: डंप स्टेशनवर आधी ब्लॅक टँक (संडासाची टाकी), मग ग्रे (सांडपाण्याची), म्हणजे भांड्यांच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. (गेज तरीही दोन-तृतीयांश भरलेलं दाखवतं, ते कायम खोटं बोलतं.) प्रोपेन भरून दिला, पेट्रोल होतं तेवढं केलं, व्हॅक्यूम तीन वेळा. गाडी घेताना काढलेले फोटो, मैल, जनरेटरचे तास, सह्या, वीस मिनिटांत सुटका.

आणि आता घर.

घर मोठं झालंय. आलो त्या दिवशी दुपारी चारला मला कळलं की तासभर मी कुणाला बघितलंच नाही. मोठी तिच्या खोलीत, दार बंद. नवरा गॅरेजमध्ये. आई खालच्या खोलीत. संध्याकाळी वर जायचा कंटाळा आला म्हणून मी मोठीला फोनवर मेसेज केला, "जेवायला ये." पाठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. धाकटा त्याच्या खोलीत झोपायला तयार नाही. छत "फार लांब आहे" म्हणतो. दोन रात्री कपाटाच्या खालच्या कप्प्यात उशी घेऊन झोपलाय, दार अर्धं लावून. नवरा आमच्या साध्या कारनं पार्किंगच्या इमारतीत शिरताना ब्रेक मारून छताकडे बघतो. आई अजून नळ धारेएवढाच सोडतात. त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या मंगळवारचं आहे, त्याची बांधाबांधही सुरू आहे.

तर प्रश्न असा: लांबच्या आरव्ही किंवा कॅरॅव्हॅन प्रवासावरून आल्यावर तुमच्याकडे असं झालं का? किती दिवस टिकलं? आणि कपाटात झोपणाऱ्या मुलाचं काय करावं?

---

पोहेवाला

पयला! फोटो कुठायत? निदान अस्वलाचा तरी.

---

मेथीआंबा

@पोहेवाला, अस्वल दिसलं तेव्हा फोन बाथरूममध्ये चार्जिंगला होता. गव्यांचे आहेत, टाकते.

---

आडवाट

मेलबर्नहून. आमचं मोटरहोम नाही, ओढायची कॅरॅव्हॅन. तीन वर्षांपूर्वी लाँग सर्व्हिस लीव्ह आणि शाळेच्या परवानगीनं ११ आठवडे, मेलबर्न ते पर्थ आणि परत. कढीपत्त्याचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे नलारबोरचं ओसाड मैदान ओलांडताना हेच: पश्चिमेकडे जाताना राज्याच्या सीमेवर तपासणी, परत येताना सेडूनाला. बायकोनं जाताना नाक्याच्या अलीकडे उभं राहून दोन किलो कांदे-बटाट्यांची भाजी करून टाकली होती, कच्चं जाऊ देत नाहीत म्हणून. तीन दिवस तीच खाल्ली.

परतल्यानंतरचं: आमच्याकडे साधारण तीन आठवडे टिकलं. सगळ्यात वाईट म्हणजे शांतता. तुम्ही लिहिलंय तसं, आत सगळ्यांचा श्वास ऐकू येतो. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ती रात्री येऊन आमच्या खोलीच्या दारात पायपुसण्यावर झोपायची. आम्ही रागावलो, समजावलं, काही झालं नाही. मग एक केलं: आठवड्यातून एक रात्र सगळ्यांनी हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचं. आधी शुक्रवार, मग महिन्यातून एकदा, मग तिलाच कंटाळा आला.

दुसरं, व्यावहारिक. रविवारी घरी पोचू नका. आम्ही रविवारी रात्री पोचलो आणि सोमवारी ऑफिस. ती चूक मी अजून भोगतोय. बुधवार-गुरुवारी पोचा, म्हणजे दोन दिवस काम करून लगेच शनिवार.

एक विचारायचं होतं: नलारबोरवर १४६ किलोमीटर एकही वळण नसलेला रस्ता आहे. तिथे आम्ही चौघांनी जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या नंतर तीन वर्षांत मारल्या नाहीत. तुमच्याकडे असा पट्टा कुठला होता?

---

मेथीआंबा

@आडवाट, मिठाच्या मैदानाचा. सरळ, पांढरा, काही नाही. तिथे मोठीनं पुढच्या सीटवर येऊन पहिल्यांदा सांगितलं की तिला बँडमधून बाहेर पडायचंय आणि ती सहा महिने आम्हाला सांगू शकत नव्हती. समोर बघत बोलता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही, हे गाडीचं बरं असतं. हॉलमधल्या गाद्यांची कल्पना आजच अमलात आणते.

---

घाटमाथा

लेख छान. पण दोन शंका.

१. खर्च. इथे सगळे आरव्हीचं कौतुक करतात, हिशोब कोणी देत नाही. गाडी + हॉटेल स्वस्त पडलं नसतं का?

२. बऱ्याच शहरांत रस्त्यावर उभ्या गाडीत झोपणं बेकायदा आहे, तुमच्या घरासमोर असलं तरी. कायदा हा कायदा.

आणि मैल-गॅलन सोडून किलोमीटर-लिटर लिहा राव, आम्ही पुण्यात राहतो.

---

मेथीआंबा

@घाटमाथा, दुसऱ्या मुद्द्यासाठीच टोपणनाव घेतलंय :)

हिशोब देते, आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे येतील. भाडं रात्री १६० डॉलर, २२ रात्री. रोजचे १०० मैल त्यात धरलेले, वरचे १,२०० मैल ४५ सेंटनं. गाडी गॅलनला साडेआठ मैल देते, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरच्या आसपास (घ्या, बदललं). ४०० गॅलन पेट्रोल, जवळजवळ १,६०० डॉलर. कॅम्पग्राउंड सरासरी ४५. सगळं मिळून ६,७०० च्या आसपास. पाच माणसांना दोन खोल्या लागल्या असत्या, आणि उन्हाळ्यात यलोस्टोनजवळ खोल्यांचे दर विचारू नका. त्यात बाहेरचं जेवण, आई शाकाहारी, एकादशी. तेव्हा फार वाचले नाहीत, पण फार गेलेही नाहीत. दोघंच असाल तर मात्र कार आणि मोटेल. आरव्ही माणसांवर वसूल होते.

---

घाटमाथा

धन्यवाद. लिटरला साडेतीन! आमच्या सोसायटीचा टँकर याहून जास्त देतो.

अवांतर: महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. मी उत्साहानं टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली एक कॅरॅव्हॅन भाड्यानं घेतली, चालकासह, सिंधुदुर्गपर्यंत. गाडी झकास. पण टाकी रिकामी करायची सोय वाटेत कुठे? शेवटी एका हॉटेलवाल्याच्या सेप्टिक टँकमध्ये, पैसे देऊन, रात्री. चालक आमच्याकडे आणि आम्ही चालकाकडे बघत होतो. आणि घाटात समोरून ट्रक आला की चालकही नामस्मरण करायचा. परत आल्यावर मला घर मोठं वाटलं नाही, टॉयलेट मोठं वाटलं.

---

कोकमसार

स्टुटगार्टहून, @घाटमाथा यांना जोरदार अनुमोदन :) आमच्याकडच्या गाड्यांत बहुधा कॅसेट टॉयलेट असतं. बॅगेसारखं बाहेर ओढायचं, चाकांवर ढकलत न्यायचं आणि ओतायचं. नवरा पहिल्यांदा ती कॅसेट घेऊन निघाला तेव्हा शेजारच्या गाडीतले आजोबा त्यांची कॅसेट घेऊन निघाले होते, दोघं "गुटन मॉर्गन" करत ऑफिसला निघाल्यासारखे रांगेत. साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतच चालवता येत असल्यामुळे निघताना सगळं वजन करून घेतो. यंदा माझ्या लोणच्याच्या बरण्या वजनकाट्यावर गेल्या.

@मेथीआंबा, मुलाबद्दल. आमचाही कपाटात झोपायचा, तेव्हा सहा वर्षांचा. त्याला खोली नको होती असं नाही, त्याला छत जवळ हवं होतं. आम्ही त्याच्या पलंगावर चादरीचा तंबू केला, चार काठ्या, दोन जुन्या साड्या. महिनाभर राहिला, मग त्यानंच एके दिवशी काढला, मित्र घरी येणार होता म्हणून. कपाटातून ओढून काढू नका. फक्त कपाटाचं दार बाहेरून लागणार नाही एवढं बघा.

---

मेथीआंबा

@कोकमसार, साड्यांचा तंबू! आईंना सांगितलं तर त्या लगेच उठल्या, त्यांची एक जुनी इरकल काढली. दाराचं आजच बघितलं, कडी काढून टाकली.

---

शेवंता_मिरज

मी इथे वाचते, लिहीत नाही. पण सांगली म्हटलंत, म्हणून.

माझा मुलगा टेक्सासला असतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर अशाच गाडीतून १६ दिवस फिरले. मला सगळे विचारायचे, काय बघितलं? डोंगर बघितले, दऱ्या बघितल्या, सगळं बघितलं. पण मी सांगायचे ते असं की सून सकाळी उठून पहिला चहा करायची तेव्हा माझ्या उशाशीच करायची. तिकडे त्यांच्या घरी मी असले की ती चहा घेऊन ऑफिसच्या खोलीत जाते, कामच तसं आहे. गाडीत खोलीच नव्हती.

तुम्ही खूप बारकाईनं लिहिलंय. डाळ लिहिली, टाकी लिहिली, गाडी किती देते ते लिहिलंत. तुमच्या सासूबाईंचं तिकीट पुढच्या मंगळवारचं आहे हे मात्र एका वाक्यात लिहून तुम्ही मुलाच्या कपाटाकडे गेलात. रागावू नका, वयानं मोठी आहे म्हणून बोलते. घर दोन दिवसांत मोठं होत नाही. ते आता होणार आहे, आणि सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.

परत येण्याबद्दल एक सांगते. माझे मामा वारी करायचे. आळंदीहून पंढरपूरला चालत जाताना लाखो माणसं, पण काला झाला की बहुतेक सगळे एसटीनं, ट्रकनं, एका रात्रीत घरी. पालखी मात्र परत चालतच येते, बरोबर थोडे लोक. मामा त्या थोड्यांत असायचे. मी विचारलं, देव तर भेटला, आता पायी कशाला? म्हणाले, जाताना तोंड पंढरीकडे असतं, गावं दिसत नाहीत. येताना गावं दिसतात. आणि घरी पोचेपर्यंत पाय आपोआप हळू होतात, मग घरी गेल्यावर ठेच लागत नाही.

तुमच्या नवऱ्यानं दारात एक रात्र गाडी ठेवली ना, ते बरं केलं.

आणि नळाचं म्हणाल तर मी मिरजेला परत आल्यावरही दोन महिने धारेएवढाच सोडायचे. नंतर सवय गेली. गेल्याचं वाईट वाटलं.

---

आडवाट

शेवंताकाकू, लिहीत जा.

---

पोहेवाला

+१. आणि मला आता आईला फोन करायचाय.

---

मेथीआंबा

@शेवंताकाकू, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं. तुमचं मी आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मिरजेच्या आहेत ना, मग बरोबर." नंतर बराच वेळ बॅगेतल्या कपड्यांच्या घड्या पुन्हा घालत बसल्या.

काल रात्री हॉलमध्ये पाच गाद्या टाकल्या. धाकट्याची गादी जेवणाच्या टेबलाखाली, वरून इरकल. मोठी कुरकुरत आली आणि सगळ्यात आधी झोपली. मी सकाळी चहा आईंच्या उशाशी केला म्हणता येणार नाही, कारण ओटा लांब आहे. पण पातेलं-स्टोव्ह गॅरेजमधून आणून हॉलच्या दाराबाहेर अंगणात मांडला. आई उठून दारात बसल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी घाल." २२ दिवस रोज म्हणायच्या.

---

कोकमसार

कमी घातलीत का?

---

मेथीआंबा

नाही. २२ दिवसही घातली नव्हती.

---

घाटमाथा

एक गंभीर प्रश्न, पुढच्या वर्षी अमेरिकेत भावाकडे जातोय म्हणून. कुकर गाडीच्या शेगडीवर नीट बसतो का? आणि शिट्टीच्या वाफेनं तो भोंगा वाजत नाही का?

---

मेथीआंबा

@घाटमाथा, तीन लिटरचा नीट बसतो, पाचचा ठेवला की शेजारच्या बर्नरची जागा जाते. वाफेनं भोंगा सहसा वाजत नाही, छतातली झडप उघडून पंखा लावायचा. वाजतो तो तेलाच्या धुरानं. मोहरी तडतडली की संपलं. फोडणीसाठी वेगळा छोटा कॅम्प स्टोव्ह घ्या, आणि हिंगाची डबी दुहेरी पिशवीत ठेवा, नाहीतर गादीला वास राहतो. खाली जमिनीलगत एलपी गॅसचा वेगळा सेन्सर असतो, तो वाजला तर मात्र हसत बसू नका, शेगडी आणि टाकी बंद करून सगळे बाहेर.

कप्प्याच्या कड्या दोनदा बघा.

---

आडवाट

धाग्याला दहा दिवस झाले. कपाटाचं काय झालं?

---

मेथीआंबा

कपाट संपलं, टेबलाखालची इरकल आता त्याच्या पलंगावर आहे. शुक्रवारी गाद्या हॉलमध्ये. मंगळवारी आईंना विमानतळावर सोडून आलो, पार्किंगमध्ये नवऱ्यानं पुन्हा छताकडे बघून ब्रेक मारला आणि मागून आईच ओरडल्या, "बसते रे, कार आहे!"

आज भाड्याच्या कंपनीचा ईमेल आला. अनामत रकमेतून स्वच्छतेचे ७५ डॉलर कापलेत. कारण दिलंय: हीटरच्या जाळीत आणि पलंगाच्या खाचांमध्ये मोठ्या प्रमाणात बिया सापडल्या.

सांगलीला फोन करून आईंना वाचून दाखवलं. दोन मिनिटं त्या हसत होत्या. मग म्हणाल्या, "बिया नाहीत म्हणून कळव त्यांना. डाळ आहे, उगवत नाही. पैसे परत माग."